खालून आलेलं पाणी

तापीकाठच्या बाईला पाण्याचं कुणी शिकवू नये, असं माझं ठाम मत होतं. तेव्हा माझी सगळीच मतं ठाम होती. शिरपूरकडे आमच्या घाटावर पूर येतो तो वरून, भुसावळच्या अंगानं. म्हणून पोरांना खालच्या बाजूला बसवायचं आणि धुताना नजर वरच्या वळणावर ठेवायची.

ऐंशीनंतरची गोष्ट. धाकटी नणंद गुजरातेत दिलेली, मही नदी खाडीला मिळते त्या बाजूला. चार वर्षांच्या लेकीला घेऊन मी तिच्याकडे गेले होते. सकाळी कणीक मळता मळता ती म्हणाली, "वहिनी, आज अमावस. नदीवर जाऊ नको."

"का गं, भुतं लुगडी पळवतात?" मी मॅट्रिक. तिचं पुढचं ऐकायला थांबतेय कशाला! बादली घेतली, लेकीला घेतलं, निघाले.

नदीत पाणी जेमतेम पोटरीला. लेकीला खालच्या बाजूला बसवलं, नजर वर ठेवली. मागून घरघर आली. वाटलं, ट्रक असेल.

"आई, भिंत येते," लेक म्हणाली.

वळून बघते तर या काठापासून त्या काठापर्यंत पाण्याची पांढरी भिंत, समुद्राकडून नदी चढत येत होती. आणि मी काय करावं? पुन्हा वर बघितलं. पूर तिकडून येतो ना! पाय चिखलात रुतलेले.

"वहिनी, पोरले उचल, पानी ई ऱ्हायनं!" नणंद ओरडत उतरली. मी उभीच. तिनंच लेकीला बखोटीला धरून ओढलं, मग मला. आम्ही काठावर चढतो न चढतो तोच बादली, लुगडी, लेक बसली होती तो दगड, सगळं पाण्याखाली.

धाप लागलेलीच होती, तरी तिनं सांगितलं. "खाडी नरसाळ्यासारखी शे, वहिनी. तोंड मोठं, पुढे अरुंद. अमावस-पुनवेला मोठी भरती आत घुसली, की पाण्याला पसरायला जागाच नाही. तळ उथळ, समोरून नदीचं पाणी. पुढचं अडतं, मागचं त्याच्यावर चढतं, अन् भिंत होते."

तिचे हात पिठानं माखलेले होते. लेकीच्या दंडावर पाच पांढरी बोटं उमटली होती. मी त्यांच्याकडेच बघत राहिले.

"आई, ते परत येईल?" लेकीनं विचारलं.

"मला नाही माहीत," मी म्हटलं. "आत्याला विचार."