शेवटच्या पानावरचा पत्ता

हे मी मराठीत लिहिते आहे याचं तुम्हा दोघांना नवल वाटेल. फोनवर आपण निम्मं इंग्रजीतच बोलतो. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, कॉलेजही तसंच, आणि पुढे नोकरीत तीस वर्षं मी इंग्रजीच लिहिलं. पण इंग्रजीत मी लिहिले ते सगळे अर्ज. हा अर्ज नाही. मला एवढंच सांगायचं आहे की त्या वर्षी जुलैत तुम्ही इकडे का येऊ शकला नाहीत. बाबाने तुम्हाला सांगितलं असेल की कागदपत्रं पूर्ण नव्हती. कागदपत्रं पूर्ण होती. ती माझ्या कपाटात होती.

माझी निळी फाइल तुम्ही पाहिली आहे. धाकट्याने तिच्यावर गाडीचं स्टिकर चिकटवलं होतं, ते अजून आहे. मी विमा कचेरीत रेकॉर्ड विभागात होते, त्यामुळे कागद जागच्या जागी ठेवायची सवय हाडात गेलेली. फाइलला सहा कप्पे. वीज, सोसायटी, बँक, दवाखाना, पाचवा तुमच्या आजोबांचा आणि सहावा तुमच्या बाबाचा. आमच्या बिल्डिंगमधले लोक फॉर्म घेऊन माझ्याकडे यायचे. रेशनकार्ड असो, शाळाप्रवेश असो, मी तळटीप वाचल्याशिवाय कुणाला सही करू देत नसे.

बाबाच्या पासपोर्टचा अर्जही मीच भरला होता. गिरगावातली एक खोली सोडून आम्ही भाईंदरला आलो तेव्हा तो चालायला लागला होता, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून मिठागरांतले मिठाचे ढीग दिसत. अर्ज भरला तोवर खिडकीसमोर दुसरी बिल्डिंग उभी राहिली होती. चौकशीला हवालदार आले, चहा घेतला आणि समोरच्या गुजराती भाभींना विचारलं, हा मुलगा इथे राहतो का? भाभी दारातच उभ्या होत्या. "इधरही रहता है, और कहाँ जाएगा? आधा खाना तो मेरे घर में खाता है," असं म्हणून त्यांनी सही केली. पासपोर्ट आला आणि त्याच पासपोर्टवर तो गेला.

तुमचे आजोबा गेल्यावर मी सहा महिने तुमच्याकडे राहायला आले होते. त्याच वेळी तुमच्या आईबाबांचा नागरिकत्वाचा समारंभ झाला. मोठा हॉल होता, सगळ्यांनी हात वर करून शपथ घेतली आणि तुम्ही दोघं कागदी झेंडे हलवत होता. मीही टाळ्या वाजवल्या. फोटोत मी हसते आहे आणि ते हसू खोटं नाही. माझा मुलगा ज्यासाठी इतकी वर्षं झटला ते त्याला मिळालं होतं.

तुमच्या आईने तिचा जुना पासपोर्ट तिच्या खणात ठेवला. बाबाचा मात्र स्वयंपाकाच्या ओट्यावर पडून राहिला. आठवडाभर तो पिझ्झाच्या कुपनांखाली होता, मग एके दिवशी त्याच्यावर कॉफीच्या मगाचा गोल डाग उमटलेला दिसला. मी पुसून हातात घेतला.

"ठेव तुझ्याकडे, आई. इथे राहिला तर हरवेल," बाबा म्हणाला.

"लागणार नाही का तुला?"

"आता कशाला लागेल?"

सगळ्या बिल्डिंगसाठी तळटिपा वाचणारी मी, त्या दिवशी काहीही वाचलं नाही. पर्सच्या आतल्या कप्प्यात माझ्या पासपोर्टला लावून त्याचा ठेवला, भाईंदरला आणला आणि सहाव्या कप्प्यात घातला.

भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर काय असतं ते तुम्ही पाहिलं नसेल. तिथे वडिलांचं नाव असतं, आईचं असतं आणि घरचा पत्ता असतो. तुमच्या पासपोर्टांत आईबापांची नावं नाहीत, मी तपासलं आहे. वीजबिलावर आता माझं एकटीचं नाव येतं. सोसायटीच्या कागदांवरून आजोबांचं नाव कमी करायचा अर्ज मीच लिहिला होता. आम्हा तिघांची नावं एकत्र, शेवटी आमचा दरवाजा नंबर, असा चालू कागद घरात तेवढाच उरला होता. दर महिन्याला वीजबिल फाइलला लावताना मी तो काढून बघत असे. दुपारची वेळ असे. बघून झालं की परत ठेवत असे.

मग फेब्रुवारीतल्या एका रविवारी बाबाचा फोन आला. तुम्हाला दोघांना जुलैत घेऊन येतोय म्हणाला. मी लगेच कॅलेंडर काढलं.

"पण त्याआधी माझा तो जुना पासपोर्ट कुरिअर कर. आमचं चुकलंच, तेव्हाच जमा करायला हवा होता. त्याशिवाय परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं ते कार्ड मिळत नाही आणि कार्डाशिवाय येता येत नाही."

"जमा म्हणजे ते ठेवून घेतात?"

"नाही गं, रद्द करतात. शिक्का मारतात, भोक पाडतात, असं काहीतरी. सर्टिफिकेट देतात मग."

मी म्हटलं, बघते. बघायचं काहीच नव्हतं. बसले होते तिथून कपाटाचं दार दिसत होतं.

पुढच्या रविवारी त्याने विचारलं, "सापडला?"

"नाही रे."

तो मोठ्याने हसला. "तुला? कागद? सापडत नाही?"

त्यानंतरच्या रविवारी तो हसला नाही. "घाई करू नकोस, एकेक खण बघ," असं हळू आवाजात सांगू लागला. कंपासपेटी हरवली की मी त्याला हेच सांगायची. मग एकदा बोलता बोलता, अगदी सहज विचारल्यासारखं, त्याने विचारलं, "आई, आज वार कोणता गं?" मी वार सांगितला, तिथी सांगितली, संकष्टी होती म्हणून चंद्रोदयाची वेळही सांगितली. तरी त्याने इथल्या डॉक्टरांची वेळ घेतलीच. मी गेले. शंभरातून सात, पुन्हा सात, असं वजा करायला लावलं, ते मी न थांबता दोनपर्यंत आणून दिलं. डॉक्टरांनी तरीही जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या मी मुकाट्याने घेत राहिले. खोट्याची शिक्षा म्हणून घेतल्या असं म्हटलं तरी चालेल.

मी हे का केलं, ते सांगते. बाबा तिकडचा नागरिक झालेला होता, माझ्या फाइलीने त्यात काही फरक पडणार नव्हता, एवढा कायदा मला कळतो. पण तो पासपोर्ट इथे, भोक न पाडलेला, आहे तोवर त्याचं इथलं एक काम अर्धं राहिलेलं आहे असं मला वाटायचं. अर्धं राहिलेलं काम पुरं करायला माणूस कधीतरी परत येतो. विचार पोरकट होता, हे तेव्हाही कळत होतं. तुम्हाला यायचं असेल तर तो पाठवायला हवा, आणि पाठवला की बाबाचं इथलं खातं बंद. दोन्हीपैकी एक निवडायचं होतं. मी रोज सकाळी उठून काहीच न निवडता दिवस काढत होते.

एप्रिलमध्ये तिकिटं महागली. बाबा म्हणाला, "यंदाचं राहू दे. पोलिसांत हरवल्याची तक्रार, प्रतिज्ञापत्र, बरंच करावं लागेल. पुढच्या वर्षी बघू." मागून मोठीचा आवाज आला, "सो वी आर नॉट गोइंग?" फोन मग म्यूट झाला.

धाकट्याचा हात बेसिनपर्यंत पोचावा म्हणून मी एक बुटकं स्टूल आणून ठेवलं होतं. त्याचं प्लास्टिक काढलं नाही, तसंच गॅलरीत सरकवलं. जवळच्या पाली गावातून मासे घेऊन येणाऱ्या बाईंनाही मी तुमच्यासाठी सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, आणायला सांगून ठेवलं होतं. त्या पुडा घेऊन दारात आल्या.

"पोरं कवा येनार हायत?"

"नाही येत यंदा."

"न्हाय? मंग ह्ये सोडे कोन खानार?"

मी सगळे ठेवून घेतले. मे महिनाभर बटाटा घालून, वांगं घालून एकटीने खाल्ले. इतका कंटाळा मला सोड्यांचा कधी आला नव्हता.

जूनमध्ये समोरच्या भाभी ढोकळा घेऊन आल्या. बाबाचा त्यांनाही फोन गेला होता, आईवर जरा लक्ष ठेवा म्हणून. बशी खाली ठेवायच्या आधीच त्यांनी सुरुवात केली.

"बेन, तुम्हारे घर में कागज गुम हो जाए, ये मैं नहीं मानती. मेरे सामने झूठ मत बोलना."

मी उठले, कपाट उघडलं आणि पासपोर्ट काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांना इंग्रजी नीट वाचता येत नाही, म्हणून शेवटचं पान मीच वाचून दाखवलं. आजोबांचं नाव आलं तेव्हा त्यांनी डोक्यावर पदर घेतला.

"मैंने पुलिस को साइन करके दिया था, लड़का इधर रहता है," त्या म्हणाल्या. "अब तो नहीं रहता ना, बेन? मेरा साइन झूठा पड़ गया. क्या करूँ, उस हवालदार को ढूँढने जाऊँ?"

मला हसू आलं, त्यांनाही आलं. मग त्या म्हणाल्या, "भेज दो. लड़का तो गया. बच्चे भी नहीं आएँगे तो ये किताब लेके बैठोगी?"

त्यांचे दोन्ही मुलगे आमच्याच सोसायटीत, बी विंगमध्ये राहतात. रोज संध्याकाळी नातवंडं दारावर लाथा मारतात. यांना सांगायला काय जातं, असं मनात म्हणत मी त्या संध्याकाळी ढोकळ्याला हात लावला नाही. सकाळी खाल्ला.

त्याच सकाळी शेवटच्या पानाची झेरॉक्स काढली आणि कुरिअरच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "मावशी, पासपोर्ट है तो लेटर लगेगा. किसका है, क्यों भेज रहे हो, सब लिखना पड़ेगा." त्याच्याकडचा कागद घेऊन मी तिथेच प्लास्टिकच्या खुर्चीत बसून इंग्रजीत पत्र लिहिलं. माझ्या मुलाचा पासपोर्ट आहे, त्याने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं आहे, सबब हा पासपोर्ट जमा करण्यासाठी पाठवत आहे. हा पासपोर्ट त्याला द्यावा म्हणून सरकारला लिहिलं होतं तेही याच हाताने. अक्षर तेव्हासारखंच आलं.

"हँडरायटिंग एकदम छापेला जैसा है, मावशी," दुकानदार म्हणाला आणि पाकीट मागच्या ढिगावर टाकलं. पावती घेऊन मी घरी आले. ती सहाव्या कप्प्यात ठेवली, झेरॉक्सला लावून.

रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबाला सांगितलं, "पासपोर्ट पाठवलाय. चार-पाच दिवसांत मिळेल."

"सापडला? कुठे होता?"

"हरवला नव्हता. होता तिथेच होता."

स्क्रीनवर त्याचा नुसता कान दिसायला लागला. "म्हणजे तुला आठवत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"म्हणजे तू विसरत वगैरे नाहीयेस?"

"नाही रे."

मग फोन समोर टेकवून त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आता मला बोलणी बसणार, असं मी धरून चालले होते. तो म्हणाला, "बरं झालं." आणि मग, "त्या गोळ्या बंद कर मग." का केलंस, हे त्याने विचारलं नाही, पुढेही कधी विचारलं नाही. उत्तर मी तयार ठेवलं होतं. तेच वर लिहिलं आहे.

पुढच्या जुलैत तुम्ही आलात ते तुम्हाला आठवत असेल. आधी काय झालं ते मात्र तुम्हाला माहीत नाही. पहाटेपासून मी तयार होऊन बसले होते. स्टुलाचं प्लास्टिक काढून झालं होतं. विमानतळावरून फोन आला, मागे माणसांचा गलका, आणि धाकटा शू लागली म्हणून रडत होता.

"आई, उतरलो. लाइनीत उभे आहोत. फॉर्मवर भारतातला पत्ता लिहायचाय. आपला पिनकोड काय गं?"

तुमचा बाबा या घरात चोवीस वर्षं राहिला. आज वार कोणता, हे मला विचारणारा हाच. मला हे त्याला ऐकवता आलं असतं, पण मी ऐकवलं नाही. मी विंग सांगितली, दरवाजा नंबर सांगितला, रस्ता, भाईंदर पश्चिम, आणि मग पिनकोडचा एकेक आकडा, सावकाश. तो माझ्यामागून म्हणत लिहीत होता.

पुढच्या रकान्यात किती दिवस राहणार, असं विचारलं होतं. ते त्याने मला विचारलं नाही. "सेवन्टीन," असं स्वतःशीच म्हणत त्याने लिहिलेलं मला फोनवर ऐकू आलं.