आईच्या हिरड्या

आईच्या हिरड्यांतून रक्त येतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं. भाकरीचा घास तोडला की उरलेल्या तुकड्याच्या कडेला लाल ठसा दिसायचा. ती तो तुकडाही तसाच खायची. पुढचे दात हलायला लागले तेव्हा बाबांनी दादरच्या एका दातांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. बाबा गिरणीत कारकून, रजा मिळेना. म्हणून आईबरोबर मी गेले. मी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होते. नायगावच्या आमच्या चाळीत इंग्रजी शाळेत जाणारी मी एकटीच.

डॉक्टर वयस्कर पारशी होते. माझा युनिफॉर्म पाहून ते माझ्याशी इंग्रजीत बोलू लागले. बरोबरीच्या माणसाशी बोलावं तसं मोठ्या माणसांपैकी माझ्याशी कोणी बोलत नसे. आईच्या दाताच्या कडेने त्यांनी एक बारीक सळई आत सरकवली आणि ती किती खोल गेली ते मला दाखवलं. पायरिया आहे, म्हणाले. दातापासून सुटलेली हिरडी कापून काढायची, मुळं खरवडून साफ करायची. आधी वरची बाजू, मग खालची. नाहीतर वर्षभरात पुढचे दात जातील. मग त्यांनी विचारलं, आई तंबाखू वापरते का?

आई रोज सकाळी नळावर बायकांबरोबर मिश्री लावायची. तव्यावर जाळलेल्या तंबाखूची ती काळी पूड बोटाने हिरड्यांवर घासत त्या कितीतरी वेळ बोलत बसायच्या. शाळेतल्या मुलींना मी कधी घरी बोलावलं नाही. कारणं बरीच होती, त्यांतलं हे एक.

"नो, डॉक्टर," मी म्हणाले.

खुर्चीत मान मागे टाकलेल्या आईने माझ्याकडे पाहिलं. तिला इंग्रजी येत नव्हतं. पण 'टोबॅको' आणि 'नो' कळायला ते लागत नाही.

पुढच्या आठवड्यात भूल देऊन वरची हिरडी कापली. मी पडद्याबाहेर उभी होते. हाडावर लोखंड घासल्यासारखा आवाज येत होता. नंतर जखमेवर लवंगेच्या तेलाचा वास असलेला गुलाबी लेप बसवला. आठवडाभर त्याला हात लावायचा नाही, बोलायचंही बेताने.

चौथ्या दिवशी संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा होता. 'झालाच पाहिजे'च्या घोषणा आमच्या मजल्यावर आईसारख्या कोणी देत नसे. शेजारची मालवणी काकी दारात येऊन म्हणाली, "काय गो वयनी, डागदरान तोंडाक कुलूप घातल्यान? मग आता घोषणा कोण देतलो, तुझो घोव?"

आई नुसती हसली. बायका गेल्या. रस्त्यावरचा आवाज लांब जाईपर्यंत ती उंबऱ्याशी बसून राहिली, मग उठून मोरीत गेली. बोट तोंडात गेलेलं मी पाहिलं.

"आई, डॉक्टरांनी हात लावू नको म्हटलंय."

"मिश्रीचं काय म्हणाले?"

मी मोरीच्या दारातून मागे सरकले.

"काही म्हणाले नाहीत ना? मग झालं तर," ती म्हणाली आणि मी मान खाली घालीपर्यंत माझ्याकडे बघत राहिली. मी इतिहासाचं पुस्तक उचललं.

आठवड्याने डॉक्टरांनी लेप काढला. पुढच्या दोन दातांवर तो आधीच तुटला होता. तिथली हिरडी काळी पडली होती, मूळ उघडं दिसत होतं. त्यांनी चष्मा काढला आणि मला इंग्रजीत विचारलं, तुझी खात्री आहे ना? मी तोंड उघडायच्या आत आई खुर्चीत सरळ बसली.

"डॉक्टर, मी मिश्री लावते. पोरीला ठाऊक नाही. तिच्यापासून लपवून लावते."

सगळ्या चाळीसमोर लावायची ती.

"मला माहीत होतं," मी म्हणाले. मराठीत म्हणाले.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी स्टूल आईकडे फिरवलं. "बाई, आता तुमीच बोला. किती वरस झाला?"

"लग्नाच्या आधीपासून."

"बंद करेल तर खालचा कापू. नाय तर नाय."

वरचे ते दोन दात गेले. आईने मिश्री सोडली. पहिले पंधरा दिवस डोकं धरून बसायची, आम्हा सगळ्यांवर खेकसायची. बायकांचं आटोपल्यावर नळावर जायची. लेप काढला त्या दिवशी परतीच्या बसमध्ये ती मला एवढंच म्हणाली होती, "कशाला बोललीस? मी सांभाळून घेतलं होतं ना?"

दोन महिन्यांनी खालच्या हिरडीचं ऑपरेशन झालं. ते दात राहिले. त्या दिवशीही मी बरोबर गेले होते, पण डॉक्टरांनी मला आत बोलावलं नाही. मी बाहेरच्या बाकावर बसले. आत ते आपल्या मोडक्या मराठीत एकेक गोष्ट आईला विचारत होते आणि आई त्यांना स्वतः उत्तरं देत होती.