दारामागची आई

आमच्या गल्लीच्या तोंडाशी फोटोंना चौकटी करून देणारं दुकान आहे. त्याच्या मालकाला सगळे चौकटराव म्हणतात. मालक आपलं म्हणायला. दुकान सासूबाईंचं, शेजारचं घर सासूबाईंचं, आणि खरं बोलायचं तर चौकटरावही सासूबाईंचेच. लग्न झाल्यावर गृहस्थ एक पेटी घेऊन राहायला आले, ते आलेच.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंत शोधावी लागते. जिकडे तिकडे दिवंगत सासरे. सासरे कप घेताना, सासरे कप देताना, सासरे दुसऱ्याच्याच मोटारीला टेकून. चौकटी अर्थात जावयाच्या हातच्या, फुकटातल्या. रोज त्यांच्या काचा पुसायच्या, हा मानही जावयाचाच.

चौकटरावांची आई गेली, तेव्हा तिचा एकुलता एक फोटो त्यांच्या हाती आला. पायरीवर बसून बाई कशाला तरी मनापासून हसतायत. गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारून चौकटरावांनी त्याला सागवानी चौकट केली आणि जेवताना हळूच विषय काढला.

"भिंतीवर माझ्या आईचा फोटो लावीन म्हणतो. तो मोटारीचा काढला तर?"

"तो काढला तर लोक म्हणतील, यांची मोटार गेली," सासूबाई म्हणाल्या.

"पण मोटार आपली नव्हतीच."

"ते तुम्हाला ठाऊक, जावईबापू. लोकांना कशाला?"

बायको ताटात बघत राहिली. नंतर म्हणाली, "मी बोलते हो आईशी." हे ती लग्नापासून म्हणतेय.

अखेर सासूबाईंनी जागा दिली, ती दाराच्या मागे. दार लावलं तर फोटो दिसणार, उघडलं की झाकला जाणार. आणि ते दार दिवसभर सताड उघडं, कारण गल्लीत कोण कुणाकडे शिरलं यावर सासूबाईंची नजर असते. त्याबद्दल मी त्यांना नावं ठेवणार नाही. माझ्या निम्म्या बातम्या तिथूनच येतात.

पण चौकटराव कारागीर माणूस. त्यांनी वरच्या बिजागरीखाली दुकानातल्या पुठ्ठ्याची पट्टी सारली. दाराचा तोल गेला. सासूबाईंनी उघडावं, दारानं डुलत डुलत आपणहून लागावं, आणि विहीणबाई समोर हसत हजर. त्या आठवड्यात चौकटराव शीळ घालत काचा पुसताना दिसले.

मग सासूबाईंनी दार उघडून त्याला आपली जड खुर्ची टेकवली आणि तीत बसल्या. विषय संपला.

तेव्हापासून दार आणि भिंत यांच्यामध्ये माणूस अंग चोरून उभा राहील एवढीच फट उरते. परवा मी सहज डोकावलो. खुर्चीत सासूबाई होत्या.

"जावई कुठे दिसत नाहीत?"

"काचा पुसतायत," त्या गल्लीवरची नजर न काढता म्हणाल्या.

दाराच्या मागून काचेवर फडकं फिरल्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, "चौकटराव, बाहेर या की."

"येतो," आतून दबका आवाज आला. "मी आत शिरलो आणि खुर्ची मागे सरकली. त्या उठल्या की येतो."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी मला समोरचं स्टूल दाखवलं.

"बसा. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांची सून पेटी घेऊन माहेरी गेली, कळलं का?"

मला कळलं नव्हतं. मी बसलो.