दोन खुर्च्या, तीन डॉक्टर आणि परदेश

एका खोलीत इंग्रजीचे तीन पीएचडीवाले आणि खुर्च्या दोनच असल्या, की किस्से आपोआप जमतात. कारण एकाला सतत उभंच राहावं लागतं, आणि उभा माणूस बोलत बसतो!

यवतमाळच्या आमच्या कॉलेजात मी, वानखडे सर आणि राठोड मॅडम असे तिघं तासिका तत्त्वावर शिकवायचो. म्हणजे दरवर्षी नव्यानं जाहिरात, नव्यानं मुलाखत, नव्यानं ऑर्डर आणि मार्च संपला की आपण कोण अन् कॉलेज कोणाचं! अशी अकरा वर्षं झाली. माझी चाळिशी आली, तास दरवर्षी कमी होत गेले, आणि एक दिवस मी ठरवलं की आता बस्स. परदेशातल्या विद्यापीठात इंग्रजी शिकवायची नोकरी मिळवायची, नाहीतर असंच उभ्यानं रिटायर व्हायचं. दोघांनाही सांगितलं. राठोड मॅडम लगेच तयार झाल्या. वानखडे सर म्हणाले, "मंग मी एकटा इथं काय करू? मीबी येतो!"

त्या दिवसापासून आमच्या खोलीत कोणी शांत बसलं नाही. तासाच्या मध्येही मोबाईल काढून मेल बघायचा.

* * *

पहिला अर्ज वानखडे सरांनी केला. आपल्याकडे मुलाखतीला फाईल न्यायची असते. स्पायरल बाइंडिंग, दीडशे पानं. कार्यशाळेची प्रमाणपत्रं, वृक्षारोपणाचे फोटो, रक्तगट, जात वैधता, गावच्या सरपंचानं केलेल्या सत्काराचं कात्रण, सगळं. जेवढी जाड फाईल तेवढा वजनदार माणूस!

सरांनी ती अख्खी फाईल स्कॅन करून पूर्व युरोपातल्या एका विद्यापीठाला पाठवली. दोन दिवस स्कॅनिंगच चाललं होतं. तिकडून सभ्य उत्तर आलं, "कृपया फक्त दोन पानं पाठवा."

सरांनी लगेच पाठवली. मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका!

* * *

मग शिफारसपत्रं. आमचे विभागप्रमुख देशमुख सर, कायम नोकरीतले, माणूस प्रेमळ. रिवाजाप्रमाणे म्हणाले, "तुमीच लिहून आना, मी सही करतो."

मी रात्रंदिवस विचार करून स्वतःची स्तुती लिहिली. स्वतःची स्तुती लिहिणं किती अवघड असतं हे तेव्हा कळलं. सरांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि कागद परत दिला.

"थोडं कमी करा."

"काहून सर? खोटं आहे का काही?"

"खोटं नाई हो. पन माझ्या हाताखालचा माणूस एवढा हुशार असंन, तर मी इथं काय करून राह्यलो असं तिकडच्याइले वाटन ना!"

मग आम्ही दोघांनी बसून मला थोडं कमी हुशार केलं.

* * *

राठोड मॅडम पुसदकडच्या बंजारा तांड्यातल्या. आमच्या तिघांत खरं इंग्रजी त्यांचं. व्हिएतनामच्या एका विद्यापीठानं त्यांना व्हिडिओवर मुलाखतीला बोलावलं. समोर एक गोरे गृहस्थ. त्यांनी मातृभाषा विचारली.

मॅडम म्हणाल्या, "गोरबोली. मग वऱ्हाडी, मग हिंदी. इंग्रजी चौथी."

गृहस्थ म्हणाले, "अडचण अशी आहे की आम्हाला जन्मापासून इंग्रजी बोलणारा माणूस हवा. तुम्हाला किती भाषा येतात म्हणालात? चार? मला तर एकच येते."

मॅडम म्हणाल्या, "एकच येते, तरी तुम्ही भाषा शिकवता. चालतंच ना!"

नोकरी गेली. आम्ही बसस्टँडजवळ कचोरी खाऊन ती साजरी केली. मॅडम हसत होत्या, पण कचोरी त्यांनी अर्धीच खाल्ली, हे मी पाहिलं.

* * *

वानखडे सरांचा डेमो तास तर मी स्वतः पाहिला, कारण लॅपटॉप माझा होता. मध्य आशियातलं विद्यापीठ. पडद्यावर तीन प्राध्यापक, गंभीर चेहरे. सरांनी एक कविता घ्यायची होती.

आता आमची शिकवायची एक पद्धत आहे. आधी ओळ इंग्रजीत वाचायची, इंग्रजीत समजवायची, आणि मग वर्गाचे चेहरे बघून लगेच वऱ्हाडीत उतरायचं. इतक्या वर्षांची सवय. सरांनी पहिली ओळ इंग्रजीत समजावली, पडद्यावरचे तिन्ही चेहरे पाहिले, आणि त्यांना ते आमच्या वर्गासारखेच दिसले असावेत.

"म्हंजे पाहा, त्या मानसाचं कसं झालं, घरी तर जायचं हाय, पन घर रायलंच नाई! समजलं का पोट्टेहो?"

मी टेबलाखालून लाथ मारली. पण सर रंगात आले होते. हातवारे, डोळे मोठे, आवाज खाली-वर. अर्धा तास दर ओळीला असंच चाललं. मी मान खाली घालून बसलो होतो.

शेवटी मधल्या प्राध्यापकबाई म्हणाल्या, "इंग्रजीत तुम्ही ठीक शिकवता. पण ती जी दुसरी भाषा आहे, तिच्यात फारच सुंदर शिकवता. कविता आम्हाला तिच्यातच कळली!"

निवड झाली नाही. सर मात्र महिनाभर सगळ्यांना हे वाक्य ऐकवत होते.

* * *

माझी वेगळीच पंचाईत. बाबा ढाणकीकडचे शेतकरी, कापूस-तूरवाले. मी फोनवर "अर्ज केला" एवढंच म्हणालो होतो. बाबांनी बाजारात सांगितलं, "पोरगा गेला फॉरेनले!"

त्यामुळे दिवाळीत मी गावी गेलो तो एसटीतून तोंडाला रुमाल बांधून. तरी खताच्या दुकानापाशी एकानं पकडलंच.

"सर! कवा आले तिकून?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबा तुराटीसारखे ताठ उभे राहून म्हणाले, "सुट्टीवर आला हाय."

"तिकडं ऊन कसं असते?"

"यवतमाळसारखंच," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते!

 घरी आल्यावर बाबा हळूच म्हणाले, "जाशीन ना पन?" मला फार वाईट वाटलं. त्यानंतर मी अर्जांचा सपाटाच लावला.

* * *

आणि मग आखातातल्या एका विद्यापीठानं मला व्हिडिओवर मुलाखतीला बोलावलं. सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात तिथल्या बाईंनी माझ्या अनुभवाचा कागद वर केला.

"डॉक्टर, तुम्ही एकच कॉलेज अकरा वेळा सोडलंत आणि दर वेळी परत गेलात. भांडण होतं का?"

तासिका तत्त्व म्हणजे काय हे इंग्रजीत कसं सांगायचं? आपल्या लोकांना मराठीतच समजत नाही! मी म्हणालो, "मॅडम, मी कधीच सोडलं नाही. दर वर्षी तेच मला सोडतं. मी फक्त परत जातो."

बाईंनी कागद खाली ठेवला. मग म्हणाल्या, "असा चिवट माणूस आम्हाला चालेल."

आठवड्यात पत्र आलं. निवड! अट एकच. पंधरा दिवसांत सध्याच्या कॉलेजचं कार्यमुक्तीचं पत्र पाठवायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. वानखडे सरांनी मला मिठी मारली आणि राठोड मॅडमनी त्यांची खुर्ची मला बसायला दिली.

* * *

मी धावत ऑफिसात गेलो. आमचे बाबू, सगळ्या नियमांचा माणूस. रजिस्टर उघडून बोट फिरवत बसले.

"कार्यमुक्त? तुमाले?"

"हो. काय झालं?"

"सर, तुमी तर औंदा रुजूच नाई झाले! ऑर्डरच कुठं निघाल्या अजून?"

खरंच की! सप्टेंबर अर्धा संपला होता. जुलैपासून मी रोज शिकवत होतो, पेपर तपासत होतो, आणि कागदावर मी कॉलेजात नव्हतोच. रुजू नाही त्याला सोडायचं कसं? 

बाबूंना दया आली. "गुरुवारी मुलाखती हायेत. या, लागा, रुजू व्हा. मंग सोडतो."

म्हणजे नोकरी सोडण्यासाठी आधी मिळवायची! गुरुवारी इस्त्रीचा शर्ट घालून, जाड फाईल घेऊन, बाराव्यांदा मुलाखतीला बसलो. अध्यक्षांनी फाईल हातात तोलली आणि म्हणाले, "हल्ली लोक मधातच सोडून जाते. पोट्ट्यायचं नुकसान होते. तुमी राह्यसान ना?"

अध्यक्षांच्या शेजारी देशमुख सर बसले होते, माझ्या शिफारसपत्रावर सही केलेले. ते छताच्या पंख्याकडे बघत होते.

"राहतो सर," मी म्हणालो. मला लाज वाटली, आणि अजून वाटते.

शनिवारी सकाळी बाबूंनी ऑर्डर हातात दिली आणि दोन कागद सोबतच पुढे ठेवले. एक रुजू झाल्याचा, मध्यान्हपूर्व. एक कार्यमुक्तीचा, मध्यान्होत्तर. दोन्हींवर सह्या, दोन्हींवर शिक्के. मी दोन्ही उचलायला गेलो, तर त्यांनी दुसरा मागे ओढला.

"हा दुपारी. मधात तुमचा एक तास लागलेला हाय टाइमटेबलात. तो घेऊन या आधी."

अकरा वर्षांत सप्टेंबर महिन्यात, खिशात ऑर्डर असताना वर्गात जायची माझी ती पहिली वेळ. सात पोरं-पोरी होत्या. मी हजेरी घेतली. धडा उघडला, इंग्रजीत वाचला, मग वऱ्हाडीत उतरलो. कधी नव्हे ते सगळे ऐकत होते. घंटा झाली तेव्हा धडा अर्धाच झाला होता.

शेवटच्या बाकावरची पोरगी वही मिटत म्हणाली, "सर, बाकीचा सोमवारी शिकवसान ना?"

"हो," मी म्हणालो, फळा पुसून टाकला आणि दुसरा कागद घ्यायला ऑफिसकडे निघालो.