कोट, केळवणं आणि माझा मंद माग

शहाऐंशी साली, लग्नाला वीस दिवस उरले असताना, माझ्या कोटाचं बटण काजापर्यंत पोचेनासं झालं.

कोट साखरपुड्याला शिवलेला. कापड बाबांच्या गिरणीचं, खुद्द त्यांच्या मागावर विणलेलं. गिरणी बंद पडायच्या थोडं आधी त्यांनी ते गिरणीच्याच दुकानातून विकत घेतलं आणि डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत जपलं. "लग्नात हाच घाल," एवढंच म्हणाले होते. बाबा कधी काही मागत नसत, त्यामुळे हे चुकवून चालणार नव्हतं.

घाटकोपरला आमच्या गल्लीतल्या टेलरमास्टरांनी हात टेकले. "विजू, शिवणीत दाबलेलं होतं तेवढं सगळं सोडलं. आता कापड नाही. आता तूच कमी हो."

मी डॉक्टरकडे गेलो. ते म्हणाले, "तुमचा मेटाबोलिझम मंद आहे. व्यायामाने वाढेल. पोटभर जेवू नका. थोडं थोडं खा, दर दोन तासांनी."

"म्हणजे माग स्लो चालतोय," बाबांनी निदान केलं.

आईने त्यातलं 'थोडं थोडं' सोडून दिलं आणि 'दर दोन तासांनी' तेवढं मनावर घेतलं. नेहमीची दोन्ही जेवणं तशीच ठेवून मधल्या वेळेला घावणे, लाडू, शेवयांची खीर सुरू झाली. मी कुरकुर केली की म्हणायची, "डॉक्टरान सांगितल्यान ना? मग गप खा."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी दोरीवरच्या उड्या सुरू केल्या. (एकशे दहा मारायच्या होत्या. बाराव्या उडीला थांबलो.) पाच मिनिटांत खालच्या मजल्यावरच्या सावंतकाकू वर आल्या. हातात पातेलं होतं.

"विजू, आमटीत प्लास्टर पडलं रे. काय चाललंय काय?"

मी कोटाची हकीकत सांगितली. काकू लगेच विरघळल्या. "अगंबाई, लग्न इतकं जवळ आलं? मग आमच्याकडे केळवणाला कधी येतोस?"

खरी वाट केळवणांनीच लावली. लग्नाआधी नवऱ्यामुलाला बोलावून जेवू घालायचं, आणि त्याने नको म्हणायचं नाही. नको म्हटलं तर ते घर लग्नात तोंड फुगवून बसणार. भांडुपला मावशी, बोरिवलीला आत्या, ट्रॉम्बेला मामा. मी त्यावरही युक्ती काढली. ट्रॉम्बेला चालत जायचं, म्हणजे जेवण जिरवूनच जेवायला बसायचं. दोन तास चाललो आणि पोचल्यावर इतकी भूक लागली होती की कोंबडीबरोबर नऊ वडे खाल्ले. "दहावो घे रे, लगीन काय रोज रोज असता?" मामी म्हणाली. मी तोही घेतला.

वीस दिवसांत अकरा केळवणं झाली. लग्नाच्या संध्याकाळी मास्टर आणि माझा भाऊ यांनी दोन बाजूंनी ओढून मला कोटात बसवलं. बटण लागलं. मास्टरांनी बजावलं, "श्वास बेताने घे. आणि वाकू नकोस."

स्टेजवर माझ्या नवरीने, सुनीताने, पदर सावरला आणि हळूच म्हणाली, "चला, बाबांच्या पाया पडू."

वाकणं भाग होतं. नेमकी त्याच वेळी कोणीतरी सनईची कॅसेट उलटी करून लावत होतं, म्हणून हॉलमध्ये शांतता होती. पाठीवरचा टर्र असा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. मी तसाच वाकून राहिलो. बाबांनी जपलेलं एकमेव कापड मी कोंबडीवड्यांपायी फाडलं होतं, वर मान कशी करणार?

बाबांनी माझ्या पाठीवरून बोट फिरवलं. मग ताठ उभे राहिले.

"कापड फाटूक नाय," ते साऱ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले. "शिवण उसवली. कापड माझ्या मागावरचा आसा."

मग त्यांनी मला पाठमोरं उभं केलं आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते कापड हाताने ओढून बघायला लावलं. गिरणी बंद पडल्यापासून त्यांना इतकं खूश मी पाहिलं नव्हतं. लग्नाच्या निम्म्या फोटोंत माझी पाठच आहे.

बाबा आता नाहीत. कोट आहे, आणि कापड अजून तसंच आहे. गेल्या महिन्यात नवे डॉक्टर म्हणाले, "मेटाबोलिझम मंद आहे. थोडं थोडं खा, दर दोन तासांनी."

घरी आल्यावर सुनीताने विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

मी तिला फक्त 'दर दोन तासांनी' एवढंच सांगितलं.