बुद्धापुढचं चाफ्याचं फूल

कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास आला, की मी पुन्हा नागपूरच्या त्या जुन्या संग्रहालयात, मूर्तींच्या दालनात पहाऱ्यावर उभा असतो.

एका दुपारी दाराबाहेर चपला काढून एक म्हातारं जोडपं आत आलं. आजीनं दगडी बुद्धापुढे चाफ्याचं फूल ठेवलं.

"हे काही देऊळ नाही," म्हणत मी ते उचलून कचऱ्यात टाकलं.

"काहून टाकलं गा? आमचेच तं हायेत बुद्ध."

"चाल वं," म्हातारा हसला, "इथं हात जोडाले बी पास लागत असंन."

मी नियमच पाळला, असं वीस वर्षं स्वतःला सांगून आता थकलोय. त्याच आठवड्यात साहेबांचे पाहुणे त्या बुद्धाच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढत होते, आणि उजेड नीट यावा म्हणून खिडकी मीच उघडून दिली होती.