अर्ध्यात ठेवलेली सुई

ताईला घरात सगळे ढगू म्हणत. सगळे म्हणजे बाबा आणि मी. आई गेल्यापासून घरात आम्ही तिघंच. नाव तिनं स्वतःच कमावलं होतं. दूध उतू जाऊन शेगडी विझली तरी ही खिडकीत उभी, आणि वर मलाच सांगणार, "बघ ना, खालचे ढग इकडे चाललेत आणि वरचे उलटे."

आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. खिडकीतून समोरची छपरं दिसत, त्यापलीकडे टेकडी आणि टेकडीवर हवामान केंद्राची पांढरी इमारत. उन्हं उतरली की ती इमारत आधी पिवळी व्हायची, मग गुलाबी, मग नाहीशीच व्हायची. आपण हवामानाचे निरीक्षक व्हावं, रोज वाऱ्याची दिशा आणि ढगांची उंची लिहावी, एवढंच ताईला आयुष्यात हवं होतं. पोटासाठी ती पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची. निरीक्षकाच्या परीक्षेला गणित होतं आणि भौतिकशास्त्र. मागच्या वर्षी ती परीक्षेच्या फाटकापर्यंत जाऊन परत आली, कारण पुस्तक उघडलंच नव्हतं. यंदा बसली नाही तर परीक्षेचं वय उलटणार होतं. मग ती पांढरी इमारत जन्मभर खिडकीतूनच बघायची.

अभ्यासाची तयारी मात्र बघत राहावी अशी असायची. कामावरून आली की टेबल पुसायची. पेन्सिलींना टोकं काढायची. वेळापत्रक रंगीत शाईनं पुन्हा नव्यानं आखायची. मग खुर्चीत बसायची, हनुवटी तळहातावर टेकवायची आणि गेलीच ढगांत.

"टेबल नक्की पास होणार यंदा," बाबा म्हणायचे.

"सलग दोन-तीन तास मिळाले पाहिजेत हो बाबा. तुकड्यातुकड्यानं नाही होत. उद्यापासून बसतेच."

मला हे ऐकून चीड यायची. मी दवाखान्यात पेशंटची नावं लिहून घेते. माझं सगळं वेळेवर असतं, आणि वेळेवर नसलेल्या माणसांवर तोंड सोडायची मला सवय आहे. मी गजर लावून पाहिले, खिडकीला वर्तमानपत्र चिकटवून पाहिलं, "तू आळशी आहेस" असं तोंडावर सांगूनही पाहिलं. वर्तमानपत्राला तिनं बोटाएवढं भोक पाडलं. पण खरं सांगायचं तर ती आळशी नव्हती. तिला भीती वाटत होती. कोऱ्या पानासमोर बसली की तिचे हातच गळून जात. हे मला दिसत होतं, म्हणून तर चीड जास्त यायची.

एकदा संध्याकाळी मी तिला घ्यायला दुकानात गेले. तिथली ताई वेगळीच. मांडीवर निळ्या पडद्याचा ढीग, पाय पायट्यावर, मशीन एका लयीत चाललेलं आणि कापड तिच्या बोटांखालून पाण्यासारखं पुढे सरकत होतं. दिवे मालवायची वेळ झाली तेव्हा शिवण संपायला वीतभर उरली होती. ताईनं मशीन थांबवलं, सुई कापडात तशीच रुतवून ठेवली आणि वर झाकण टाकून उठली.

"अगं, एवढीशी राहिलीय. संपव की," मी म्हटलं.

"छे. ती उद्यासाठी. संपवून गेले तर सकाळी नव्या कापडासमोर बसायचं, आणि मग कात्री कुठंय, दोरा कुठला, असं करत चहाची वेळ होते. सुई अर्ध्यात असली की बसल्याबसल्या हात आपोआप चालतो. इथं सगळ्याजणी तेच करतात."

दुकानाबाहेर दोन पावलं चालून ती रस्त्यातच थांबली. मागून येणारा सायकलवाला वैतागून घंटी वाजवत बाजूनं गेला.

"काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली. पण घरी येईपर्यंत तिनं एकदाही वर आभाळाकडे पाहिलं नाही.

त्या दिवशी तिनं टेबल पुसलं नाही. पुस्तक उघडून सरळ एक गणित घेतलं: टेकडीवरून फुगा सोडला, वारा तिरका आहे, तर फुगा कुठे जाऊन पोहोचेल. तिनं अर्धं सोडवलं. पुढची पायरी कळली तेव्हा तिचा चेहरा खुलला, आणि नेमकी तिथंच तिनं पेन्सिल वहीत आडवी ठेवली आणि जेवायला उठली.

"अगं, आता तर येत होतं!" मी कळवळले.

"म्हणूनच उठले. रात्रभर राहू दे फुगा हवेत."

दुसऱ्या दिवशी आल्याआल्या, चप्पलसुद्धा न काढता, ती ते गणित पुरं करायला बसली. तसंच वाहत पुढच्या गणितात शिरली आणि तेही मधेच सोडून उठली. असं चालू झालं. थोडाच वेळ बसायची, पण रोज. मी हे कुणाला बोलले नाही, मला वाटलं दृष्ट लागेल.

दृष्ट लागली ती बाबांचीच. बाबांचा जन्म कारखान्यात लेथवर गेला. हातातला नग पुरा झाल्याशिवाय ते घास घ्यायचे नाहीत. अर्धं काम दिसलं की त्यांच्या जिवाला चैन पडत नसे. एका दुपारी घरात एकटे असताना त्यांना टेबलावर अर्धं गणित दिसलं. पुन्हा फुग्याचंच. लेकीला मदत म्हणून त्यांनी ते सोडवलं, उत्तराखाली दोन रेघा मारल्या आणि कौतुकाची वाट बघत बसले.

ताई आली. वहीकडे पाहिलं आणि मटकन बसली.

"बाबा, तुम्ही फुगा खाली का उतरवलात?"

आधी आम्हाला हसू आलं. मग दिसलं की ती रडतेय. कधी आवाज न चढवणारी माझी ताई त्या दिवशी घर डोक्यावर घेऊन ओरडली, की मला एकच गोष्ट धरून ठेवता येत होती आणि तीही तुम्ही काढून घेतलीत. त्यानंतर टेबल पुन्हा रोज पुसलं जाऊ लागलं, पेन्सिलींना टोकं निघू लागली. परीक्षा तोंडावर आलेली आणि ही खिडकीत. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

मग एका सकाळी मी बाबांना पाहिलं. चष्मा नाकावर, हातात खोडरबर. त्यांनी आपल्या दोन रेघा खोडल्या, उत्तर खोडलं, आपली एकेक ओळ खालून वर खोडत नेली आणि जिथं ताईचं अक्षर संपत होतं तिथं येऊन थांबले. कागदावरची धूळ फुंकली आणि पेन्सिल होती तशी आडवी ठेवली.

संध्याकाळी ताई टेबलाशी खूप वेळ उभी राहिली. मग बसली आणि पुढची ओळ लिहिली. बाबा पाठमोरे कांदा चिरत होते. त्यांचे डोळे कशानं वाहत होते ते विचारण्यात अर्थ नव्हता.

परीक्षेत ती पास झाली. पण नेमणूक टेकडीवर मिळाली नाही, दूरच्या एका बेटावर मिळाली. जायच्या आदल्या दिवसापर्यंत ती घरच्या मशीनवर बाबांचा नवा सदरा शिवत होती. सकाळी ती गेल्यावर पाहिलं तर दुसरी बाही अर्धीच जोडलेली आणि सुई कापडात रुतलेली.

मी हात लावायला गेले.

"खबरदार," बाबा म्हणाले.

ज्यांना अर्धं काम बघवत नसे, ते माझे बाबा आता रोज त्या मशीनशेजारी बसून चहा पितात. धूळ झटकतात, पण पायट्याला पाय लागू देत नाहीत. ताई रजेवर येते, पिशवी खाली ठेवते आणि हात धुवायच्या आधी मशीनवर बसते. बोटभर शिवते, सुई परत तशीच ठेवते आणि मग बेटावरचे ढग सांगायला लागते.

परवा ती परत निघताना मला राहवलं नाही. "अगं ढगू, वर्षं झाली. संपव एकदाचा तो सदरा."

ती काही बोलण्याआधी बाबाच म्हणाले, "कशाला? मला काही घाई नाही." आणि विटका जुना सदरा घालून तिला गाडीत बसवून द्यायला निघाले.